ज्योत परीक्षणाचा तयार संच: क्षार चांगले, निळी काच खोटी

गेल्या जूनमध्ये आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी ज्योत परीक्षणाचे, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘फ्लेम टेस्ट’चे, दोन तयार संच मी ऑनलाइन मागवले. तारेच्या टोकावर क्षार घेऊन ज्योतीत धरायचा आणि ज्योतीच्या रंगावरून त्यातले मूलद्रव्य ओळखायचे, असे हे परीक्षण. एका संचाला १,४५० रुपये पडले. खोक्यावर विक्रेत्याचे नाव एक, आतल्या पत्रकावर दुसरे आणि कुप्यांच्या चिठ्ठ्यांवर कोणाचेच नाही, असा प्रकार असल्यामुळे आणि हीच सामग्री निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकली जात असल्याचे नंतर लक्षात आल्यामुळे मी येथे कोणाचेच नाव घेत नाही. आत काय काय आहे हे वाचले की घेणाऱ्याला संच ओळखता येईल. बारावीच्या मुलांना अज्ञात क्षार ओळखायला देण्याआधी त्यांची नजर तयार व्हावी, एवढाच माझा हेतू होता, आणि तीन महिने नऊ गटांच्या हातांतून संच गेल्यानंतरच हे लिहीत आहे.

संचात प्रत्येकी दहा ग्रॅमच्या आठ कुप्या आहेत: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांची क्लोराइडे, शिवाय कॉपर सल्फेट आणि बोरिक आम्ल. त्यांच्यासोबत काचेच्या दांडीत बसवलेल्या दोन नायक्रोमच्या तारा, एक लहान स्पिरिटचा दिवा, निळ्या काचेचा एक चौकोनी तुकडा, ज्योतींचे रंग छापलेला तक्ता आणि चार भाषांतले माहितीपत्रक मिळते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल अर्थातच मिळत नाही. ते कुरियरने पाठवणे योग्यही नाही, आणि प्रयोगशाळेत ते असतेच. पत्रकातील मराठी कोणीतरी यंत्राकडून करून घेतलेली दिसते, कारण तारेच्या टोकाच्या कड्याला तेथे ‘फास’ म्हटले असून ‘फास आम्लात बुडवून लाल होईपर्यंत तापवा’ अशी सूचना आहे. वर्गात त्यावर बराच हशा झाला आणि वर्षभर त्या तारेला सगळे फासच म्हणत राहणार, हे उघड आहे.

आधी चांगले ते सांगते. क्षारांची शुद्धता माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच चांगली निघाली. ही गोष्ट साधी नाही, कारण या परीक्षणात सगळ्यात मोठा घुसखोर सोडियम असतो. त्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास पडतो, जेथे आपला डोळा चांगलाच तीक्ष्ण आहे, आणि तो दिसायला सोडियम किती कमी पुरतो हे बुन्सेन आणि किरखॉफ या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञांनी हायडेलबर्गला एका प्रयोगात दाखवून दिले होते. सुमारे ६० घनमीटरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी अवघे ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर उडवले आणि दुसऱ्या कोपऱ्यातील ज्योत काही मिनिटांत पिवळी झाली. त्यावरून मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ओळखता येते, असा त्यांचा हिशेब होता. अशा परिस्थितीत स्वस्त संचातील स्ट्रॉन्शियम क्लोराइड पहिल्याच फटक्याला स्वच्छ किरमिजी ज्योत देते आणि पिवळी कड जेमतेम क्षणभर दिसते, याचे श्रेय द्यायलाच हवे. बेरियमही तसाच निघाला.

तक्रार आहे ती बुचांविषयी. लिथियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हे दोन्ही क्षार हवेतील पाणी ओढून घेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या दोन्ही संचांत त्यांना पाणी सुटून तळाशी चिकट राब झालेली होती. परीक्षणाला त्याने फारसे बिघडत नाही, कारण तार ओलीच बुडवायची असते; पण दहा ग्रॅमच्या कुपीतून कोरडा क्षार काढायचा म्हटले तर निम्मा बुचालाच लागून राहतो. मी दोन्ही कुप्या मेण लावून बंद केल्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळ्या डब्यात ठेवल्या. हे काम विक्रेत्याने करायला हवे होते.

नायक्रोमच्या तारांना माझा विरोध नाही. प्लॅटिनमची तार आता कोणत्या महाविद्यालयाला परवडणार, आणि परवडली तरी शिशाच्या क्षाराशी गाठ पडली की ती कामातून जाते. नायक्रोम म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू, तोच जो विजेच्या शेगडीच्या कॉइलमध्ये असतो, त्यामुळे तार खराब झाली की विजेच्या सामानाच्या दुकानातून कॉइल आणून नवे कडे वळता येते. संचातली तार मात्र फार बारीक आहे. दहाबारा वेळा आम्लात बुडवून तापवल्यावर ती काळी, खरबरीत होते आणि आधीचा क्षार त्या खरबरीत पृष्ठभागात अडकून राहतो. दोन तारांवर आठ क्षार चालवायचे म्हणजे प्रत्येक वेळी तार पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री कोरी ज्योत बघूनच करायला हवी, आणि नेमकी ही पायरी पत्रकात नाही. आम्लात बुडवलेली नुसती तार ज्योतीत धरून कोणताही रंग येत नाही हे पाहिल्याशिवाय क्षाराला हात लावायचा नाही, हा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला.

स्पिरिटचा दिवा खोक्यातच राहिला तरी चालेल. त्याची ज्योत मुळात पिवळसर असते, सुती वात स्वतःचा सोडियम सोडत राहते आणि ज्योतीची उष्णताही कमी पडते. लिथियम, सोडियम आणि कॉपर त्यावर कसेबसे दिसतात. कॅल्शियमची ज्योत फिकट पडते आणि बेरियमचा हिरवा रंग तर आमच्या एकाही गटाला धड दिसला नाही. तोच बेरियम एलपीजीवर चालणाऱ्या बर्नरच्या निळ्या ज्योतीत, हवेची खिडकी पूर्ण उघडून आणि तार बाहेरच्या कडेला धरून, थोडा वेळ तापू दिला की सफरचंदी हिरवा रंग नीट उमलतो. बेरियमला वेळ द्यावा लागतो, त्याच्या आधी येऊन जाणाऱ्या पिवळ्या झळकेकडे दुर्लक्ष करावे लागते आणि गरज पडल्यास तार पुन्हा आम्लात बुडवावी लागते. ज्यांच्याकडे बर्नर नाही त्यांनी हा संच घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या निळ्या काचेबद्दल. हिच्यामुळेच मला हे सविस्तर लिहावेसे वाटले. खोक्यावर तिला ‘कोबाल्ट काच’ म्हटले आहे. खरी कोबाल्ट काच सोडियमचा पिवळा प्रकाश गिळून टाकते आणि निळा-जांभळा व टोकाचा तांबडा प्रकाश पुढे जाऊ देते; म्हणूनच सोडियमच्या गर्दीत हरवलेला पोटॅशियम तिच्यातून किरमिजी दिसतो. पोटॅशियमची मोठी अडचण अशी की त्याचा सर्वांत प्रबळ प्रकाश ७६६ आणि ७७० नॅनोमीटरला, म्हणजे आपल्या दृष्टीच्या अगदी काठावर आहे, तर ४०४ नॅनोमीटरचा जांभळा दुसऱ्या काठावर. मधोमध बसलेला सोडियम दोघांनाही झाकून टाकतो. संचातली काच खरी की खोटी हे पाहायला अर्धे मिनिट पुरते: मिठाची पिवळी ज्योत तिच्यातून पाहायची. आमच्या काचेतून ती ज्योत हिरवट पिवळी, पण चांगली ठसठशीत दिसली. म्हणजे ती कोणत्यातरी वेगळ्या रंगद्रव्याने निळी केलेली साधी काच आहे. दुसऱ्या संचातलीही तशीच. प्रयोगशाळेच्या कपाटात पूर्वीच्या सरांनी जपून ठेवलेला एक खऱ्या कोबाल्ट काचेचा तुकडा होता, त्यातून तीच मिठाची ज्योत जवळजवळ दिसेनाशी झाली. विक्रेत्याला लिहिले, तर बदली म्हणून आणखी एक तसाच तुकडा आला.

ही चूक किरकोळ नाही, कारण कोबाल्ट काच केवळ पोटॅशियमसाठी वापरायची नसते. तिच्यातून कॅल्शियमची ज्योत फिकट हिरवी दिसते, स्ट्रॉन्शियमची जांभळट आणि बेरियमची निळसर हिरवी. कॅल्शियम की स्ट्रॉन्शियम असा संभ्रम पडतो तेव्हा या दुसऱ्या नजरेने निकाल लागतो. बुन्सेन स्वतः रंगीत काचा आणि रंगीत द्रव डोळ्यांसमोर धरूनच ज्योती वेगळ्या करत होता. त्याऐवजी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहावा, ही सूचना किरखॉफची. त्यातून १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यातून सीझियम आणि १८६१ मध्ये लेपिडोलाइट या खनिजातून रुबिडियम सापडले. दोघांची नावे त्यांच्या वर्णपटातील निळ्या आणि गडद तांबड्या रेषांवरून पडलेली आहेत. संचात लोलक नाही, आणि या किमतीत तो असावा अशी अपेक्षाही नाही. पण जुनी डीव्हीडी, पुठ्ठ्याचे खोके आणि ब्लेडच्या दोन पात्यांमधली बारीक फट एवढ्या सामानात वर्णपट पाहता येतो, कारण डीव्हीडीवरचे चर एकमेकांपासून अवघ्या ७४० नॅनोमीटरवर असतात. आमच्या मुलींच्या एका गटाने तसे खोके बनवले आणि लिथियमची ६७१ नॅनोमीटरची एकटी तांबडी रेघ स्ट्रॉन्शियमच्या नारिंगी-तांबड्या पट्ट्यांपासून व निळ्या रेघेपासून स्पष्ट वेगळी करून दाखवली. पत्रकात यासाठी एक परिच्छेद सहज देता आला असता.

रंगांचा तक्ता पाहून मात्र चिडचिड झाली. छापील शाईतून ज्योतीचा प्रकाश उतरवणे कठीण, हे मान्य. परंतु लिथियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे चौकोन जवळजवळ एकाच रंगाचे आणि कॅल्शियमचा चौकोन सुकलेल्या डाळिंबासारखा काळपट लाल, याला काय म्हणावे? आपल्या पुस्तकांत कॅल्शियमच्या ज्योतीला विटकरी लाल म्हणतात, आणि आमच्याकडच्या भट्टीतून नुकतीच निघालेली नारिंगी छटेची वीट ज्याने पाहिली आहे त्याला तो शब्द अचूक वाटेल. तक्ता बनवणाऱ्याने वीट पाहिलेली नाही. सुरुवातीच्या आठवड्यात चार गटांनी कॅल्शियमची ज्योत बरोबर पाहूनही तक्त्याशी जुळत नाही म्हणून निरीक्षण खोडले, तेव्हा मी दोन्ही तक्ते काढून घेतले आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत रंग लिहायला लावले. एकाने पोटॅशियमपुढे ‘जांभळाचा डाग धुतल्यावर उरतो तो’ असे लिहिले. मला तो शब्दप्रयोग ‘फिकट जांभळा’ यापेक्षा उपयोगी वाटतो.

तीन हिरव्या ज्योती एका संचात ठेवल्या, ही निवड करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. बेरियमची पिवळसर हिरवी, बोरिक आम्लाची उजळ हिरवी आणि कॉपर सल्फेटची निळसर छटेची हिरवी एकामागून एक पाहिल्यावर ‘हिरवा म्हणजे बेरियम’ हा घोकलेला नियम आपोआप गळून पडतो. कॅरमच्या पटावर टाकायची पावडर हे बोरिक आम्लच असते, असे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तिघांनी घरून डबे आणले. सोनाराकडे सवागी (बोरॅक्स) लावून डाग देताना ज्योतीला येणारी हिरवी झाक त्याच मूलद्रव्याची, म्हणजे बोरॉनची. कॉपरची गंमत आणखी वेगळी आहे. नुसते कॉपर सल्फेट ज्योतीत धरले तर हिरवा रंग येतो, आणि तीच तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा धरली तर निळा वरचढ होतो, कारण आता ज्योतीत कॉपरचे क्लोराइड प्रकाशत असते. पत्रक सगळे रंग ‘धातूच्या अणूतील इलेक्ट्रॉन’ एवढ्या एका वाक्यात उरकते. सोडियम-पोटॅशियमसाठी ते बरोबर आहे. पण कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि कॉपर यांच्या ज्योतीत रंगाचा मोठा वाटा ज्योतीतच तयार होणाऱ्या हायड्रॉक्साइड आणि क्लोराइड यांच्या रेणूंचा असतो. तीव्र आम्ल का वापरायचे, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे: क्लोराइडे सहज उडून ज्योतीत मिसळतात.

या संचाचा मूळ दोष तरीही काचेचा किंवा तक्त्याचा नाही. त्यात एकही अनोळखी कुपी नाही. प्रत्येक कुपीवर नाव, पत्रकात रंग, तक्त्यावर तोच रंग. मग विद्यार्थ्याने ओळखायचे काय? नाव वाचून रंग पाहणे ही करमणूक झाली. परीक्षण सुरू होते ते रंगावरून नाव शोधायला लागल्यावर. म्हणून मी गावातल्या कृषी सेवा केंद्रातून माझा वेगळा संच तयार केला. द्राक्षपट्ट्यात राहण्याचा हा फायदा: बोर्डो मिश्रणाचे मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), फवारणीचे कॅल्शियम नायट्रेट, ०-०-५० म्हणून मिळणारे पोटॅशियम सल्फेट आणि बेदाण्यासाठी द्राक्षे बुडवताना लागणारे पोटॅशियम कार्बोनेट हे सगळे निम्म्या मुलांच्या घरीच असते. त्यांत एक पुडी सैंधवाची घालून पाच चिमट्या आकड्यांच्या कागदांत बांधून दिल्या.

मोरचूद सर्वांनी ओळखले, कॅल्शियम नायट्रेट सात गटांनी. बेदाण्याच्या पोटॅशियम कार्बोनेटपुढे मात्र नऊपैकी सहा गटांनी सोडियम लिहिले. त्यात आश्चर्य काही नव्हते. शेतीसाठीच्या मालात थोडा सोडियम असणारच, आणि संचातली निळी काच तो पिवळा अडवत नव्हती. जुनी कोबाल्ट काच हातात दिल्यावर त्याच मुलांनी पाच मिनिटांत उत्तर दुरुस्त केले. घरी वडिलांबरोबर दरवर्षी हे द्रावण कालवणारा एक मुलगा स्वतःच्याच शेडमधला क्षार ओळखू शकला नाही, याचे त्याला जे वाईट वाटले, त्यातून त्याने सोडियमच्या घुसखोरीचा धडा इतरांपेक्षा पक्का लक्षात ठेवला.

याच वेळी माती परीक्षणाचा विषय निघाला. आमच्याकडे बागाईतदार माती आणि पानदेठ तपासून घेतात, अहवालात पोटॅशचा आकडा येतो आणि त्यावर खताचा हिशेब ठरतो. तो आकडा प्रयोगशाळेत ज्या उपकरणातून येतो त्या फ्लेम फोटोमीटरमध्ये हेच परीक्षण चालते. मातीतील पोटॅशियम अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात उतरवून ते द्रावण फवाऱ्यासारखे ज्योतीत सोडतात, ७६८ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश गाळणीतून जाऊ देतात आणि तो किती आहे ते मोजतात. आपल्या डोळ्याला जेथे धड दिसत नाही, तेथेच यंत्राला सोयीचे पडते, कारण सोडियमचा पिवळा त्या गाळणीच्या बाहेर राहतो. संचासोबत असे एखादे पान आले असते तर शेतकऱ्यांच्या मुलांना ही ज्योत कशासाठी पाहायची, हे मला वेगळे सांगावे लागले नसते. पत्रकातले ते पान दिवाळीच्या फटाक्यांवर खर्च झाले आहे, आणि तेही अर्धवट: हिरव्या फटाक्यात बेरियम असतो असे लिहिले आहे, पण फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंदी घातल्याचा उल्लेख नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र गुण कापून थांबता येणार नाही. पत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘इंद्रधनुष्य प्रयोग’ दिला आहे: सहा वाट्यांत क्षार घ्या, वर मिथेनॉल ओता आणि पेटवा. हा प्रयोग मुळीच करू नये. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. वाटी विझली असे समजून कोणी बाटलीतून आणखी ओतायला गेले की बाटलीतील वाफ पेट घेते आणि आगीचा झोत समोर बसलेल्या मुलांवर येतो. अमेरिकेत शाळांमध्ये अशा दुर्घटना झाल्या आणि तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. इतक्या वर्षांनंतरही मुलांसाठीच्या संचात तो प्रयोग छापला जातो, हा निष्काळजीपणा आहे. मी दोन्ही पत्रकांतून ते पान फाडले. रंग एकत्र दाखवायचे असतील तर लाकडी आइस्क्रीमच्या काड्या रात्रभर क्षारांच्या द्रावणात भिजवून एकेक बर्नरच्या ज्योतीत धराव्यात. काडी जळू लागण्याआधी काही क्षण रंग छान दिसतो आणि ओतण्यासारखे काही हाताशी नसते.

पाचपैकी अडीच गुण द्यावेत असे मला वाटते, आणि ते जवळजवळ सगळे क्षारांचे आहेत. ज्या शाळेत बर्नर, आम्ल आणि खरी कोबाल्ट काच आधीच आहे, तिने संच घेण्यापेक्षा लिथियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांची क्लोराइडे प्रयोगशाळेच्या पुरवठादाराकडून सुटी घ्यावीत. बाकीचे कृषी केंद्रात आणि स्वयंपाकघरात मिळते. घरी मुलांना हौसेने घेऊन देण्याचा विचार असेल तर मी नको म्हणेन, कारण बेरियम क्लोराइड पोटात गेल्यास विषारी आहे आणि त्याच्या कुपीवर धोक्याची खूण नाही, साधे नाव आहे. आमच्या दोन्ही कुप्यांवर लाल चिठ्ठी लावून मी त्या कुलपात ठेवल्या आहेत. वापरून उरलेले बेरियमचे पाणी आम्ही मोरीत ओतत नाही. त्यात द्राक्षबागेचेच मॅग्नेशियम सल्फेट टाकतो, पांढरा बेरियम सल्फेट तळाशी बसतो, तो गाळून वेगळ्या बरणीत साठवतो, आणि बरणी आता अर्धी भरली आहे.